जपानमधला लांब लेओव्हर: या चुका टाळा

सकाळी आठला नारिताला उतरायचं आणि संध्याकाळी पाचला अमेरिकेचं विमान धरायचं, अशा बेताची तिकिटं मुंबईहून टोकियोमार्गे जाणाऱ्यांच्या हाती बऱ्याचदा पडतात. मधले नऊ तास दिसले की डोक्यात टोकियोचा नकाशा उघडतो: असाकुसाचं देऊळ, शिबुयाचा चौक, गरमागरम रामेन. नऊ तासांत खरोखरच खूप काही होऊ शकतं. तरीही पुष्कळ लोक ते गेटजवळच्या खुर्चीत काढतात, नाहीतर रेल्वेच्या फलाटांवर घामाघूम होऊन घालवतात. ज्या चुकांमुळे असं होतं, त्यांतल्या निम्म्या घरून निघण्याआधीच झालेल्या असतात.

व्हिसा गृहीत धरू नका

भारतीय पासपोर्टवर जपानमध्ये व्हिसाशिवाय प्रवेश नाही. पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला, हातात ग्रीन कार्ड असलं, तरी इथे त्याने काही फरक पडत नाही. मुलगा-सून अमेरिकन पासपोर्टवर सहज बाहेर पडतात आणि सोबतचे आई-बाबा इमिग्रेशनच्या अलीकडेच राहतात, हे कुटुंबाने एकत्र तिकीट काढतानाच लक्षात घ्यायला हवं. त्याच विमानतळावरून पुढे जायचं असेल आणि ट्रान्झिटच्या भागातच थांबायचं असेल, तर व्हिसा लागत नाही. शहर बघायचं असेल तर मात्र आधी काढावाच लागतो.

एअरलाइनमार्फत ‘शोअर पास’, म्हणजे व्हिसाशिवाय थोड्या वेळासाठी बाहेर पडायची परवानगी, मिळतो, असं कुणीतरी सांगतं. ती सोय आहे, पण द्यायचा की नाही हे त्या वेळी समोरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

भारतातून अर्ज करणाऱ्यांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. त्यात एक बारीक मेख आहे. विमानतळावर तो फोनमध्ये, इंटरनेट चालू ठेवून, प्रत्यक्ष संकेतस्थळावरूनच दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ किंवा छापील कागद चालत नाही. विमानातून उतरल्या उतरल्या विमानतळाचं मोफत वायफाय जोडा आणि रांगेत लागण्याआधी ते पान उघडून ठेवा. इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती ‘व्हिजिट जपान वेब’वर घरूनच भरलीत, तर क्यूआर कोड तयार मिळतो आणि फॉर्म भरत उभं राहावं लागत नाही.

स्वस्त तिकिटातला सापळा

दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास स्वस्तात होतो, पण मग बॅगा आपोआप पुढे जातीलच असं नाही. त्या घेऊन पुन्हा चेक-इन करायचं, म्हणजे जपानमध्ये रीतसर प्रवेश करायचा, म्हणजे पुन्हा व्हिसा आलाच. मुंबईच्या काउंटरवर बॅगेचा टॅग हातात घेऊन त्यावर शेवटच्या शहराचं नाव आहे ना, ते स्वतः वाचा.

दुसरा सापळा विमानतळाचा. टोकियोला दोन विमानतळ आहेत. नारिता शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटर पूर्वेला, तर हानेदा जेमतेम पंधरा किलोमीटरवर, समुद्रालगत. तिकिटावर दोन्ही ठिकाणी ‘टोकियो’च दिसतं. उतरायचं नारिताला आणि उडायचं हानेदाहून असं असेल, तर त्याला लेओव्हर म्हणू नका. ते बॅगांसकट शहर ओलांडून जाणं आहे आणि त्यालाही व्हिसा लागतो.

तास पुढून नाही, मागून मोजा

आठ ते पाच म्हणजे नऊ तास, हा हिशेब कागदावरचा. खरा हिशेब पुढच्या विमानाच्या वेळेपासून मागे यायचा. पाचचं विमान असेल तर अडीच-पावणेतीनला टर्मिनलमध्ये हवं, कारण बाहेर पडलात की सुरक्षा तपासणी आणि इमिग्रेशन नव्याने करावं लागतं. सकाळी आठला चाकं टेकली तरी बोटांचे ठसे, फोटो आणि कस्टम उरकून बाहेरच्या हॉलमध्ये यायला सव्वानऊ-साडेनऊ सहज होतात. हाती उरले साधारण साडेपाच तास.

स्कायलाइनर गाडी टर्मिनल दोनच्या स्टेशनहून उएनोला चाळीसेक मिनिटांत पोचवते. तिकीट काढणं, फलाट शोधणं, पुढच्या गाडीची वाट बघणं धरलं तर एका बाजूला सव्वा तास ठेवावा. दोन्ही बाजूंचे अडीच तास गेले, म्हणजे शहरात तीन तास. तीन तासांत उएनो छान होतं: बाग, शिनोबाझु तळं (जुलै-ऑगस्टमध्ये ते कमळांनी भरलेलं असतं), अमेयोकोचा गजबजलेला बाजार. किंवा उएनोहून मेट्रोने पाच मिनिटांवरचं असाकुसा. यातलं एकच घ्या. असाकुसा, शिबुया आणि टोकियो टॉवर असा त्रिकोण आखणाऱ्याला तिन्ही ठिकाणांचे जिने तेवढे दिसतात.

हाच हिशेब सात तासांच्या लेओव्हरला लावून बघा, शहरात जेमतेम एक तास उरतो. नारिताला आठ तासांपेक्षा कमी वेळ असेल तर टोकियोला जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक घोटाळा घड्याळाचा. जपान भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. नेटवर्क नसलेला फोन मुंबईचीच वेळ दाखवत राहतो, तेव्हा बाहेर पडण्याआधी स्टेशनवरच्या घड्याळाशी ताडून पाहा. अमेरिकेहून भारतात येताना तारखेचाही गोंधळ होतो. सॅन फ्रान्सिस्कोहून १० तारखेला दुपारी निघालेला माणूस टोकियोत ११ तारखेला दुपारी उतरतो. १० तारखेचं हॉटेल घेतलं असेल तर ते पैसे गेलेच समजा.

नारिता गाव टाळून पुढे जाऊ नका

विमानतळाला ज्या गावाचं नाव आहे, ते गाव गाडीने दहा मिनिटांवर आहे आणि तिथे इसवी सन ९४० मध्ये स्थापन झालेलं नारितासान शिन्शोजी हे मोठं देऊळ आहे. कमी वेळ असणाऱ्याला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. स्टेशनहून देवळापर्यंत उताराचा, वळणावळणाचा जुना रस्ता आहे. दोन्ही बाजूंना लाकडी दर्शनी भागांची दुकानं, तांदळाचे कुरकुरीत सेनबे, लोणची. ईल माशासाठी हा रस्ता प्रसिद्ध आहे. कावातोयोसारख्या जुन्या खानावळीत कारागीर रस्त्यालगतच्या लाकडी पाटावर बसून जिवंत ईल साफ करतात, आत निखाऱ्यावर तो भाजला जातो आणि गोडसर सोयाचा वास रस्ताभर पसरतो. शाकाहारी माणसाने इथून जरा भरभर पुढे व्हावं.

देवळात प्रवेश मोफत आहे. मुख्य मूर्ती फुदो म्योओची, म्हणजे आपल्याकडच्या बौद्ध परंपरेतला अचलनाथ. दिवसातून अनेकदा मुख्य सभागृहात होम होतो. बूट काढून आत जायचं आणि तातामीवर, म्हणजे गवती चटईवर, बसायचं. मोठ्या ढोलाचा ठोका अंगात घुमतो, भिक्षू मंत्र म्हणतात, ज्वाळा उंच जातात आणि शेवटी भाविक आपल्या पिशव्या, पाकिटं पुढे देतात. त्या आगीच्या धगीजवळ नेऊन परत मिळतात. होम-हवन बघत वाढलेल्या माणसाला जपानमध्ये हे बघताना जे वाटतं, ते टोकियोच्या कुठल्याही मॉलमध्ये मिळणार नाही. वेळा देवळाच्या फलकावर असतात, शिरतानाच बघून घ्या. मागे मोठी बाग आहे. सगळं निवांत बघून तीन तासांत विमानतळावर परत येता येतं.

इथे लोक चुकतात ते गाडीत. स्कायलाइनर आणि अॅक्सेस एक्स्प्रेस या दोन्ही गाड्या वेगळ्या मार्गाने जातात, त्या देवळाजवळच्या, केइसेइ या रेल्वे कंपनीच्या, केइसेइ-नारिता स्टेशनला लागतच नाहीत. अॅक्सेस एक्स्प्रेस ‘नारिता-युकावा’ला थांबते आणि नाव वाचून लोक तिथे उतरतात. ते देवळाजवळचं स्टेशन नव्हे. तुम्हाला हवी ती केइसेइच्या मुख्य मार्गावरची साधी गाडी, भाडं तीनशे येनच्या आत. जेआर, म्हणजे जपान रेल्वेचं नारिता स्टेशनही देवळाला तेवढंच जवळ, पण त्या गाड्या कमी. परतताना विमानतळाची दोन स्टेशनं लागतात: आधी टर्मिनल दोन-तीन, मग शेवटचं टर्मिनल एक. आपलं टर्मिनल कोणतं ते बोर्डिंग पासवर आधीच पाहून ठेवा. चुकलं तरी टर्मिनलांमध्ये मोफत बस आहे, पण त्यात वीस मिनिटं जातात.

हानेदा असेल तर

हानेदाला गणित पुष्कळ सैल होतं. केइक्यु रेल्वेने शहरातलं शिनागावा स्टेशन पंधरा मिनिटांच्या आत, आणि काही गाड्या गाडी न बदलता थेट असाकुसापर्यंत. सहा-सात तास असले तरी शहराची एक फेरी होते. मात्र या फलाटावरून योकोहामाकडेही गाड्या सुटतात. दार उघडलं म्हणून आत शिरू नका, पाटीवर शिनागावा वाचूनच चढा.

शहरात जायचं नसेल तर दोन-तीन स्टेशनांवरचं आनामोरी इनारी देऊळ बघा. १९४५ मध्ये अमेरिकन फौजांनी विमानतळ ताब्यात घेतला तेव्हा हे देऊळ तिथून उठवून नव्या जागी न्यावं लागलं. त्याची लाल तोरीइ कमान मात्र पुढे कित्येक दशकं विमानतळाच्या आवारातच उभी होती. १९९९ मध्ये ती तेन्कुबाशी स्टेशनजवळ हलवली, अजून तिथे पाहता येते.

विमानतळावरच थांबणाऱ्यांची एक नेहमीची फसगत सांगायला हवी. जी ठिकाणं फोटोत दिसतात, त्यातली बहुतेक इमिग्रेशनच्या बाहेर आहेत. हानेदाच्या टर्मिनल तीनमधली जुन्या एदो शैलीची गल्ली, लाकडी पूल, गच्ची, २०२३ मध्ये सुरू झालेल्या एअरपोर्ट गार्डनमधली गरम पाण्याची आंघोळ, नारिताच्या टर्मिनल दोनचं ‘नाइन अवर्स’ कॅप्सूल हॉटेल, हे सगळं व्हिसा असणाऱ्यांसाठी. व्हिसा नसेल तर ट्रान्झिट भागातल्या शॉवरच्या खोल्या शोधा, किंवा हानेदाच्या टर्मिनल तीनमध्ये रॉयल पार्क हॉटेलचा ट्रान्झिट प्रवाशांसाठीचा भाग आधी आरक्षित करा. आई-बाबा व्हीलचेअर मदत घेऊन एकटे प्रवास करत असतील तर त्यांच्यासाठी ही खोली म्हणजे मोठा दिलासा. नाहीतर त्यांना एका जागी बसवून ठेवलं जातं आणि भाषेअभावी ते पाणीसुद्धा मागत नाहीत.

खाणं

शाकाहाऱ्यांनी ‘भाजीचं आहे ना’ एवढं विचारून समाधान मानू नये. दाशी हा माशाचा अर्क सूप, नूडल्स, भाज्या, सॉस अशा सगळीकडे असतो आणि तो घालूनही पदार्थ भाजीचाच म्हणवला जातो. टोकियो स्टेशनवर तिकीट फाटकाच्या आत ‘टीज तानतान’ हे पूर्ण व्हीगन रामेनचं दुकान आहे. बाकी ठिकाणी कोनबिनी, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या सुपरमार्केटातली केळी, भाजलेलं रताळं, साध्या मिठाचा ओनिगिरी (भाताचा गोळा) यावर वेळ निभावते. घरचे ठेपले, दशम्या बिनधास्त न्या.

पण डब्यात काय आहे ते बघूनच बाहेर पडा. जपानमध्ये मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि ताजी फळं-भाज्या आवश्यक प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. यात पिशवीतला हापूस आणि कढीपत्ता दोन्ही आले. अमेरिकेहून येणाऱ्यांनी औषधंही तपासावीत: अॅडरॉलसारखी अॅम्फेटामाइनची गोळी डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी जपानमध्ये बेकायदा आहे.

उघडण्याच्या वेळा, आणि पैसे

सकाळी सातला शहरात पोचून दुकानं शोधू नका, ती दहा-अकराला उघडतात. असाकुसाच्या सेन्सोजीचं आवार मात्र केव्हाही खुलं असतं, मुख्य सभागृह संध्याकाळी पाचला बंद होतं. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद.

रोख येन थोडे तरी हवेत. सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएममध्ये परदेशी कार्ड चालतात. प्रत्येक गाडीचं तिकीट वेगळं काढत बसण्यापेक्षा विमानतळावर वेलकम सुइका कार्ड घ्या. त्यातले उरलेले पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा बेताचेच भरा. हातातली जड बॅग विमानतळावरच ठेवा, उएनोला मोठे लॉकर रिकामे मिळतीलच असं नाही. पासपोर्ट मात्र लॉकरमध्ये नको. परदेशी पाहुण्याने तो जवळ बाळगणं हा तिथला कायदा आहे.

रात्र मध्ये येत असेल तर

नारिताला मध्यरात्रीनंतर सकाळी सहापर्यंत विमानं थांबतात, तर हानेदाचं टर्मिनल तीन चोवीस तास चालू असतं. नारिताला रात्र काढायची असेल आणि व्हिसा नसेल, तर कुठे थांबता येईल हे एअरलाइनकडून आधीच लेखी विचारून घ्या. शहरात फिरायला गेलात तर शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास सुटतात आणि पुढच्या थेट पाचच्या सुमारास. टोकियोहून नारिताला रात्रीची टॅक्सी वीस हजार येनच्याही वर जाते.

परतताना गाडी अडकली तर

जपानी गाड्या वक्तशीर असतात, पण वादळ, भूकंप किंवा रुळावरचा अपघात झाला की पूर्ण मार्ग थांबतो. अशा वेळी फलाटावर वाट पाहत बसू नका. नारिताला जेआर आणि केइसेइ असे दोन स्वतंत्र रेल्वेमार्ग आहेत, शिवाय महामार्गाने लिमोझिन बस. एक बंद पडला तर दुसरा बहुधा चालू असतो. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला बोर्डिंग पास दाखवून ‘नारिता कूको’ (नारिता विमानतळ) एवढं म्हटलं तरी तो फलाट दाखवतो. त्याच्याकडून उशिराचा दाखला मागून घ्या. रेल्वे कंपन्या तो मोफत देतात आणि एअरलाइनशी बोलताना पुरावा म्हणून हाताशी राहतो. एअरलाइनला फोन विमान सुटायच्या आधी करा. सुटल्यावर तुम्ही न आलेले प्रवासी ठरता आणि पुढची तिकिटंही आपोआप रद्द होऊ शकतात.