घरी बीपी मोजताय, गोळ्या घेताय? मग या चुका टाळा

घरी मशीन आलं की पहिले काही दिवस बऱ्याच जणांचं बीपी वाढलेलं निघतं आणि उगाच घबराट होते. बऱ्याचदा गडबड मोजण्यात असते. जिना चढून आलात, लगेच बसलात, पायावर पाय टाकला, हात मांडीवरच ठेवून बटण दाबलं आणि बाजूला कुणाशी तरी बोलणंही चालू, अशा वेळी वरचा आकडा सहज १०-१५ ने जास्त येऊ शकतो.

आधी ५ मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, आणि हात टेबलावर असा ठेवा की दंड हृदयाच्या लेव्हलला येईल. चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम अर्धा तास आधीपासून नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन या, त्यानेही बीपी वाढतं हे कित्येकांना माहीतच नसतं. पट्टा फुगत असताना "किती आलं?" एवढंही विचारू नका.

पट्ट्याकडे तर कुणी बघतच नाही. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर रीडिंग खोटंच जास्त येतं. टेपने दंडाचा घेर मोजा, पट्ट्यावर सेंटीमीटरमध्ये रेंज छापलेली असते तिच्याशी जुळवून बघा. शर्टाच्या बाहीवरून बांधू नका. मनगटाच्या मशीनपेक्षा दंडाचं मशीन घ्या असंच मी सांगेन.

एका रीडिंगवर काहीही ठरवू नका. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं आठवडाभर, आणि आलेले सगळे आकडे लिहा, फक्त चांगले आलेले नाही. घरच्या रीडिंगची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर असेल तर ते वाढलेलं धरतात, दवाखान्यात हीच रेषा १४०/९० मानली जाते. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी ठीक आहे असंही समजू नका, बहुतेकांना काहीच जाणवत नाही.

आता सगळ्यात मोठी चूक. आकडे नॉर्मल आले म्हणून गोळी बंद करणं. अहो, ते नॉर्मल आलेत ते गोळी चालू आहे म्हणूनच! अटेनोलोल, मेटोप्रोलोलसारख्या गोळ्या तर अचानक थांबवल्या की बीपी आणि ठोके दोन्ही उसळू शकतात. त्रास होत असेल तर तो डॉक्टरांना सांगा. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येऊ शकते, रामिप्रिल-एनालाप्रिलने कोरडा खोकला लागू शकतो आणि लोक बिचारे महिनोन्महिने खोकल्याचं औषध पीत राहतात, गोळीवर संशयच जात नाही. बदलून दुसरी गोळी मिळते, सहन करत बसायची गरज नाही.

दुसऱ्या दुखण्यासाठी घेतलेली औषधंही बीपी चढवतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या पेनकिलर, सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन, म्हणून काहीही घेण्याआधी बीपी आहे हे सांगाच. लो सोडियम मीठ सुरू करतानाही विचारा, त्यात पोटॅशियम असतं आणि किडनीचा त्रास असेल किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर ते रक्तात धोकादायक वाढू शकतं.

आणि कधी १८०/१२० च्या वर आलंच तर जास्तीची गोळी खाऊ नका, जिभेखाली तर अजिबात ठेवू नका, बीपी एकदम पडलं तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. त्रास काही नसेल तर ५ मिनिटं बसून परत मोजा, तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पण छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, हातापायातली ताकद जाणं किंवा नजर अंधुक होणं, यातलं काहीही सोबत असेल तर परत मोजत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.