इंग्लंडमध्ये भाड्याचे घर: 'डिपॉझिट' कशाला म्हणतात आणि 'अॅडव्हान्स' कशाला

मुंबई-पुण्याकडचे लोक ज्या रकमेला डिपॉझिट म्हणतात, तिलाच हैदराबाद किंवा कराचीहून आलेले उर्दूभाषक अॅडव्हान्स म्हणतात. इंग्लंडमध्ये अॅडव्हान्स म्हणजे आगाऊ भाडे. ते परत मिळत नाही. उर्दूभाषक मित्राबरोबर घर घेणार असाल, तर कोण कशाचे पैसे भरतोय हे आधीच बोलून घ्या.

डिपॉझिटही दोन असतात. घर तुमच्यासाठी राखून ठेवायला देतात ते होल्डिंग डिपॉझिट, जास्तीत जास्त एका आठवड्याच्या भाड्याएवढे. खोटी माहिती दिली किंवा तुम्हीच माघार घेतली तर ते जाऊ शकते, म्हणून एका वेळी एकाच घरासाठी भरा. दुसरे खरे डिपॉझिट. वार्षिक भाडे 50,000 पौंडांपेक्षा कमी असेल तर ते पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. महिन्याच्या भाड्याला 12 ने गुणा आणि 52 ने भागा: भाडे 1,300 पौंड असेल तर आठवड्याचे 300, म्हणजे डिपॉझिट फार तर 1,500. हा कायदा 2019 चा. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.

या खऱ्या डिपॉझिटचे पैसे घरमालकाने 30 दिवसांच्या आत सरकारमान्य तीन योजनांपैकी एकीत नोंदवायचे असतात: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स किंवा टेनन्सी डिपॉझिट स्कीम. नोंदवले नाहीत तर कोर्ट डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम तुम्हाला द्यायला लावू शकते. तिन्हींच्या संकेतस्थळांवर नोंद तपासता येते. ती स्वतः तपासा. 'आपलाच माणूस आहे' म्हणून आपल्याकडच्या घरमालकाला रोख रक्कम देऊन पावतीही न मागणारे लोक आजही भेटतात, आणि याचा मला खरोखर राग येतो. इथे शब्दापेक्षा कागद मोठा, आणि भाडेकरूच्या दृष्टीने ते चांगलेच आहे.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक: इन्व्हेंटरी न वाचता सही करणे. घरात शिरताना भिंती, गालिचा, गादी, ओव्हन यांची स्थिती लिहिलेला हा अहवाल असतो. ओव्हनचा आतला भाग, हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या शेगडीच्या) कडा, ओट्यावरचे डाग, खिडकीच्या चौकटीतली बुरशी, सगळ्याचे पहिल्याच दिवशी फोटो काढा आणि एजंटला ईमेलने पाठवा. व्हॉट्सअॅपवर नको, फोन बदलला की शोधत बसाल. अहवालात 'स्वच्छ' लिहिलेले आणि प्रत्यक्षात तेलकट असेल, तर सही करण्याआधी दुरुस्त करून घ्या. घर सोडताना सर्वाधिक भांडणे साफसफाईवरून होतात. आपल्या स्वयंपाकात फोडणीचे तेल पंख्याच्या जाळीत साचते आणि हळद पांढऱ्या ओट्यात मुरते, तेव्हा जाळी नियमित धुवा आणि हळद सांडताक्षणी पुसा. रोजच्या वापराने झालेली झीज मात्र तुमच्याकडून वसूल करता येत नाही.

शेवटच्या महिन्याचे भाडे 'डिपॉझिटमधून वळते करा' असे परस्पर ठरवू नका. इथे ती थकबाकी ठरते आणि पुढच्या घरासाठी लागणारे शिफारसपत्र बिघडते.

कौन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक पालिकेचा घरावरचा कर, बहुधा भाड्यात धरलेला नसतो, विचारून घ्या.

घर सोडल्यावर डिपॉझिटमधून केलेली कपात पटली नाही तर 'मान्य' म्हणू नका. योजनेची तंटा सोडवणारी सेवा मोफत आहे, आणि कपात योग्य असल्याचे घरमालकाने सिद्ध करायचे असते. रक्कम दोघांना मान्य झाली की ती 10 दिवसांत परत मिळायला हवी.