ओटीच्या यादीआधी खाटांचा हिशेब

नियोजित शस्त्रक्रियांची यादी पुण्यातील अनेक रुग्णालयांत सर्जनची सोय आणि ओटीची (शस्त्रक्रियागृहाची) मोकळी वेळ पाहून केली जाते. परंतु बारामतीहून आलेल्या, रात्रीपासून उपाशी असलेल्या रुग्णाला सकाळी परत पाठवावे लागते, तेव्हा ओटी मोकळी असूनही बहुधा खाट नसते. हे टाळायचे असेल, तर आधी मेडिकल रेकॉर्ड विभागाकडून वर्षभराच्या नोंदी घ्याव्यात. वर्षापेक्षा कमी काळ घेतल्यास पावसाळ्यातील डेंग्यूच्या रुग्णांनी भरलेले वॉर्ड हिशेबातून निसटतात.

प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी भरतीची वेळ, आयसीयूतील रात्री, डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिल्याची वेळ आणि खाट खरोखर रिकामी झाल्याची वेळ असे स्वतंत्र रकाने ठेवावेत. शेवटच्या दोन वेळांमधील अंतर उपचारांचे नसून बिल आणि टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) मंजुरीचे असते. विमा नियामकाने 2024 मध्ये कॅशलेस डिस्चार्जच्या मंजुरीसाठी तीन तासांची मर्यादा घातली आहे. तुमच्याकडे ती पाळली जाते का, हे याच रकान्यांवरून कळते.

मुक्कामाच्या निव्वळ सरासरीवर विसंबू नये, कारण गुंतागुंत होऊन महिनाभर राहिलेला एखादा रुग्णही ती फुगवतो. मध्यक, म्हणजे सगळे मुक्काम चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, काढावा, आणि शंभरांपैकी ऐंशी रुग्ण किती रात्रींत घरी गेले तेही पाहावे. आयसीयूच्या खाटा या दुसऱ्या आकड्यावरच राखून ठेवाव्यात.

खरी मेख वारांत आहे. समजा, आठवड्याला गुडघेबदलाचे 14 रुग्ण आहेत आणि प्रत्येकाचा मुक्काम चार रात्रींचा आहे. 14 गुणिले 4 भागिले 7, म्हणजे सरासरी आठ खाटा पुरायला हव्यात. मात्र सात शस्त्रक्रिया गुरुवारी आणि सात शुक्रवारी ठेवल्या, तर शुक्रवार ते रविवार रोज रात्री 14 खाटा लागतात आणि मंगळवार-बुधवारी एकही लागत नाही. त्यामुळे सर्जनच्या दिवसांची वाटणी करण्यापूर्वी वारानुसार रात्रींचा असा तक्ता मांडून तो सर्वांसमोर ठेवावा. माझ्या मते, वाद मिटवायला एवढा एक कागद पुष्कळदा पुरतो.

पितृपक्षात शस्त्रक्रिया नको म्हणणारे रुग्ण नवरात्रात एकदम येतात, हेही आधीच धरून चालावे. मात्र हे आकडे रुग्णाला लवकर घरी धाडण्यासाठी वापरू नयेत; तीस दिवसांत पुन्हा भरती झालेल्यांची नोंद त्याच तक्त्यात ठेवावी आणि ती वाढू लागल्यास मुक्कामाचा अंदाज लगेच वाढवावा.