ट्रॉलीसुद्धा ट्रॅक्टरला ओढते: बलाच्या धड्यात या चुका टाळा

बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं, हे कर्नाटक सीमाभागातलं शाळकरी पोर झोपेतही सांगेल. न्यूटनचे तिन्ही नियम घडाघडा म्हणून दाखवेल. घोडं अडतं ते गणितात. मराठी माध्यमातून दहावी करून पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, सायन्स घेतलेल्या मुलांच्या वह्या चाळल्या की त्याच त्या चुका भेटतात, आणि बहुतेकींचं मूळ एकच. आकृतीत बाण काढलेला असतो, पण ते बल कोण लावतंय हे स्वतःला विचारलेलंच नसतं. लावणारा दाखवता येत नसेल तर बाण सरळ खोडा.

गळीत हंगामात चिकोडी, रायबाग, अथणीकडे रस्तोरस्ती उसाच्या ट्रॉल्या दिसतात. समजा, भरलेली ट्रॉली 10,000 किलोची आहे. सपाट रस्त्यावर ती ताशी 18 किलोमीटर या एकसमान वेगाने चालली आहे, आणि रस्ता व हवा मिळून तिला 2,500 न्यूटनचा विरोध करतात. मग ट्रॅक्टरची ओढ किती?

"2,500 पेक्षा जास्त, सर. नाहीतर ट्रॉली थांबेल की!"

हे उत्तर हमखास येतं आणि हमखास चुकतं. वेग बदलत नाही, म्हणजे निव्वळ बल (सगळ्या बलांची बेरीज-वजाबाकी करून उरणारं) शून्य. ओढ बरोबर 2,500 न्यूटन. जास्तीची ओढ लागते ती वेग वाढवायला. त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, 0.1 मीटर प्रति सेकंद वर्ग हवं असेल तर वस्तुमान गुणिले त्वरण, 10,000 × 0.1 = 1,000 न्यूटन आणखी द्यावे लागतील, एकूण 3,500. ताशी 18 हा आकडा तर कुठं वापरायचाच नव्हता, तो नुसता गोंधळात पाडायला दिलेला असतो. 'एकसमान वेग' हे शब्द दिसले की त्यांच्याखाली आधी रेघ मारा. अर्थात, ही चूक करणारं मूल ढ असतं असं नाही. गती टिकवायला बल लागतंच, असं अ‍ॅरिस्टॉटलही मानत होता. गॅलिलिओने ती समजूत हलवली आणि न्यूटनने 1687 मध्ये तिला नियमातूनच बाहेर काढलं.

दुसरा घोळ तिसऱ्या नियमाचा. ट्रॅक्टर ट्रॉलीला 3,500 न्यूटनने पुढे ओढतो, तेव्हा ट्रॉलीही ट्रॅक्टरला तेवढ्याच बलाने मागे ओढते. मग दोन्ही कटून का जात नाहीत? कारण एक बल ट्रॉलीवर आहे, दुसरं ट्रॅक्टरवर. वजाबाकी एकाच वस्तूवरच्या बलांची होते. ट्रॉलीचं गणित करताना फक्त ट्रॉलीवरचे बाण काढा. ट्रॅक्टर पुढे जातो तो जमिनीमुळे: मोठी चाकं जमिनीला मागे रेटतात, जमीन चाकांना पुढे रेटते. काळ्या रानात पाऊस झाला की इंजिन तेच असून चाकं जागच्या जागी फिरतात, कारण चिखल तेवढं घर्षण देऊ शकत नाही. 'घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध' असं पाठ केलेल्यांनी इथं थांबून बघावं. या चाकांवरचं घर्षण पुढच्या दिशेला आहे!

टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचं वर रेटणारं बल ही तिसऱ्या नियमातली क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे. दोन्ही एकाच पुस्तकावर आहेत. वजनाची खरी जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं ते बल.

गोकाकचा धबधबा बघून आलेली मुलं म्हणतात, खाली येता येता पाण्याचं बल वाढतं. वाढतो तो वेग. सुमारे 52 मीटरच्या त्या कड्यावरून 1 किलोचा दगड सोडला, तर त्यावरचं गुरुत्वबल वर 9.8 न्यूटन आणि तळाशीही 9.8 न्यूटनच. हवेचा विरोध सोडला तर वेग मात्र शून्यापासून सेकंदाला जवळजवळ 32 मीटरपर्यंत जातो. तळाशी आदळताना बसणारा दणका हे वेगळं बल आहे. ते खालचा खडक लावतो, आणि दगड किती कमी वेळात थांबतो यावर ते बल किती मोठं हे ठरतं.

वस्तुमान किलोत, वजन न्यूटनमध्ये. बाजारात 50 किलोचं पोतं म्हणा, हरकत नाही. पेपरात त्याचं वजन 50 × 9.8 = 490 न्यूटन लिहा.

आता चोर्ला घाट. गोव्याला जाणारी बस डावीकडे वळली की आपण उजवीकडे फेकले जातो, आणि मुलं आकृतीत बाहेरच्या दिशेला बाण काढतात. तो बाण लावला कुणी? कुणीच नाही. तुमचं शरीर सरळच जाऊ पाहतं, खालून बस वळते. खरं बल आतल्या दिशेचं: सीटचं घर्षण, शेजारच्याचा खांदा, नाहीतर खिडकीची कड. बसमध्ये बसून हिशोब मांडायचा म्हटलं तर बाहेरचं बल कल्पून घेता येतं, त्याला अपकेंद्री बल म्हणतात. पण प्रश्नात तसं सांगितलं नसेल तर रस्त्याकडेला उभं राहून आकृती काढा, म्हणजे बाण आतच येईल.