हातकुट्टीचं चाक आधी बांधा, मग यंत्राच्या तोंडाला हात लावा

सिन्नर-निफाडकडे अजून बऱ्याच गोठ्यांत हाताने फिरवायची कडबाकुट्टी, म्हणजे चारा बारीक कापायचं यंत्र, आहे. मूठ सोडली तरी तिचं जड चाक थांबत नाही. पाती एका बाजूला जड असतील तर थांबलेलं चाकही आपोआप खाली येतं. अशा वेळी अडकलेला चारा उपसताना बोटं जाऊ शकतात.

उपाय साधा आहे. हातभर साखळी आणि कुलूप घ्या. काम थांबलं की साखळी चाकाच्या आऱ्यातून काढून स्टँडच्या पायाला बांधा. किल्ली उंच खुंटीवर, पोरांचा हात पोहोचणार नाही अशी.

१. शेवटची मूठभर धांडी हाताने ढकलू नका, लाकडी दांडक्याने सरकवा. पदर, ओढणी, उपरणं आधी खोचून घ्या.

२. चारा दाबला जातोय, तुटत नाहीये? चाक हळू फिरवत तोंडाशी कागदाची लांब पट्टी धरा. कागद जिथे नुसता दुमडतो तिथे पातं तोंडापासून लांब गेलंय. मागचे स्क्रू थोडे थोडे पिळून ते जवळ घ्या, पण घासू देऊ नका. दोन्ही पाती सारखी बसायला हवीत.

३. धार फक्त उताराच्या बाजूने लावा, सपाट बाजूला कानस नको.

४. हिरवा मका कापल्यावर पातं पुसून खायच्या तेलाचा हात फिरवा. जळकं इंजिन ऑइल नको, ते चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातं.

पातं सोडवताना, घट्ट करतानाही साखळी बांधलेलीच ठेवा.