बाळाचे वजन करून घेताना

पुण्यात लहान मूल असलेल्या आईला दोन ठिकाणी जावे लागते: वस्तीतली अंगणवाडी आणि महापालिकेचा दवाखाना. आहार आणि वजन ही कामे १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडीत होतात. लसी, जीवनसत्त्व ‘अ’चा डोस आणि औषधोपचार दवाखान्यात मिळतात. या दोन्हींना जोडणारे माता व बाल संरक्षण कार्ड आईच्याच पिशवीत असते, म्हणून ते प्रत्येक वेळी न्यावे.

माझ्या मुलीच्या कार्डावर तीन महिने नुसता वजनाचा आकडा लिहिला गेला, आलेखावर ठिपका कोणी टाकला नाही, आणि आकडा थोडाथोडा वाढत होता म्हणून मीही निर्धास्त राहिले. ठिपके जोडले तेव्हा तिची रेषा हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरलेली दिसली, म्हणजे वयाच्या मानाने वजन कमी पडत होते. म्हणून येरवड्यातल्या शेजारणींना मी आवर्जून सांगते की स्वेटर, बूट आणि ओले लंगोट काढून, काटा शून्यावर आहे हे पाहून वजन करावे, आणि ठिपका टाकल्याशिवाय उठू नये. मुलामुलींचे आलेख वेगवेगळे असतात, तेही तपासावे. “ताई, रेष वर चालली आहे ना?” हा प्रश्न विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

रेषा आडवी झाली किंवा खाली आली तर दंडघेर मोजायला सांगावे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे, किंवा दोन्ही पावलांवर सूज असणे, हे तीव्र कुपोषणाचे लक्षण आहे. अशा मुलाला, विशेषतः ते खात नसेल किंवा त्याला ताप असेल तर, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरपोच आहार मिळतो, त्यापुढे अंगणवाडीत गरम जेवण. घरपोच आहाराचे पाकीट एका मुलाला रोज ५०० कॅलरी मिळाव्यात या हिशेबाने दिलेले असते. ते घरात सर्वांमध्ये वाटले गेले की बाळाच्या वाट्याला फारच थोडे उरते. त्यासाठी वेगळा डबा ठेवावा, आणि अंगावरचे दूध मात्र चालूच ठेवावे.

रांगेत सर्वांसमोर “खायला घालत नाहीस का?” असे विचारले की आई गप्प होते. अशा वेळी मूल गेल्या महिन्यात किती दिवस आजारी होते आणि काल काय काय खाल्ले हे शांतपणे सांगावे, आणि बाजूला घेऊन बोलण्याची विनंती करावी. भाड्याची खोली बदलली तर नव्या अंगणवाडीत पहिल्याच आठवड्यात कार्ड दाखवून नाव घालावे.