हाडांवरून जुने रोग ओळखताय? या चुका टाळा

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे हाड स्वच्छ दिसलं की माणूस निरोगी होता असं धरून चालणं. अहो प्लेगने माणूस काही दिवसांत जातो, हाडावर खूण उमटायला वेळ कुठे मिळतो! लंडनच्या ईस्ट स्मिथफील्डला १३४८ ते १३५० च्या साथीत गेलेली माणसं पुरलीयेत, त्यांची हाडं नुसती बघून प्लेग कळतच नाही, प्लेगच्या जंतूचा जीनोम (म्हणजे त्याचा सगळा डीएनए) २०११ मध्ये मिळाला तो दातांतून. आणि याची दुसरी बाजू पण बघा, कुष्ठरोग किंवा टीबी हाडापर्यंत पोचायला बराच काळ लागतो, म्हणजे खुणा असलेला माणूस कधीकधी जास्त तग धरलेला असतो.

मातीत पडून झालेली झीज रोग म्हणून लिहिणं हेही खूप होतं. मुळं हाडावर नक्षी काढतात, उंदीर कुरतडतात, खोदताना कुदळ लागते. कड फिकट असेल तर ते ताजं तुटलंय, पण रंग जुळला म्हणून लगेच तो रोगच आहे असं धरू नका, कड गोल झालीये का, नवीन हाड भरलंय का ते भिंगाखाली बघा.

एका हाडावर निदान तर नकोच. नडगीवर नवीन हाडाचा थर दिसला की लगेच सिफिलिस (लैंगिक संबंधातून पसरणारा रोग) लिहितात, पण असा थर साध्या जखमेनेही येतो. उदयपूरजवळच्या बालाथलचा सांगाडा बघा, सुमारे ४००० वर्षं जुना, आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे लोक त्या कामात होते आणि २००९ मध्ये त्या माणसाला कुष्ठरोग होता असं संशोधन प्रसिद्ध झालं. तिथे एकच खूण धरली नाही, नाकाच्या भोकाच्या कडा, वरच्या जबड्याचा पुढचा भाग असं सगळं एकत्र तपासलं.

डीएनए काढायचा असेल तर दात आधी धुवू नका, गोंद लावू नका, ग्लोव्हज घाला, आणि एक्सरे-फोटो आधी काढा कारण दात एकदा कापला की संपला.

अजून एक, हे मला फार लागतं: बालाथलचा माणूस जळलेल्या शेणाच्या राखेत पुरलेला होता, ते वाचून लोक लगेच म्हणतात वाळीत टाकला असेल. चेहरा इतका झिजेपर्यंत तो जगला हे हाड सांगतं, त्याला गावाने कसं वागवलं हे हाड सांगत नाही.